सही आपली, निवाडा कोणाचा?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या दादर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

स्त्रियांच्या संघटना एखाद्या वकील बाईला बोलावतात तेव्हा विषय बहुधा ठरलेले असतात. पोटगी, सासरचा छळ, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, वारसाहक्क. माझे काम यातले नाही. मी लवादासमोर वकिली करते. फायनान्स कंपनी आणि कर्जदार, विमा कंपनी आणि विमेदार, शेअरदलाल आणि त्यांचे गिऱ्हाईक, बिल्डर आणि सोसायटी यांचे पैशाचे वाद माझ्याकडे येतात. मी दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे. त्यामुळे कंपनीची फाइल कशी बांधली जाते हे मला आतून माहीत आहे, आणि समोरच्या बाईकडे फाइलच कशी नसते हेही माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, पेढ्यांच्या आणि कंपन्यांच्या या भांडणांत आपला काय संबंध? संबंध सहीचा आहे. या फायलींमध्ये मला जागोजाग बाईची सही दिसते. जामीनदार म्हणून, भागीदार म्हणून, सहकर्जदार म्हणून, खातेदार म्हणून. पण ज्या खोलीत निवाडा होतो त्या खोलीत ती बाई क्वचितच दिसते.

आधी लवाद म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दोन पक्षांनी आपसात ठरवायचे, की आपला वाद झाला तर आपण कोर्टात जाणार नाही, एका तिसऱ्या व्यक्तीकडे किंवा तिघांकडे जाऊ आणि ते देतील तो निवाडा मानू. आपल्या जुन्या भाषेत पंच. पूर्वी यासाठी १९४० चा कायदा होता, आता १९९६ चा लवाद व समेट कायदा आहे. त्यात २०१५, २०१९ आणि २०२१ मध्ये दुरुस्त्या झाल्या. लवादाचा करार लेखी असावा लागतो. एकदा तो केला की दिवाणी कोर्ट सहसा तुमचा दावा ऐकत नाही, तुम्हाला लवादाकडे पाठवते. आणि लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. म्हणजे खाते गोठवता येते, मालमत्तेवर जप्ती आणता येते.

ही सगळी इमारत एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे संमती. सरकारने नेमलेल्या न्यायाधीशाचा अधिकार आपण मान्य करो वा न करो, तो असतोच. लवादाला अधिकार मिळतो तो आपल्या होकारातून. म्हणून मला आज एकच प्रश्न तुमच्यासमोर मांडायचा आहे. हा होकार बाईने दिला कधी?

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. मथुरा खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा, प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणजे संमती होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे वेगळे आणि संमती देणे वेगळे, हा त्या पत्राचा गाभा होता. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या अत्याचाराची आणि कर्जाच्या कागदाची तुलना मी करत नाही. पण गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे वाक्य आपण ज्या किमतीने मिळवले, ते पैशाच्या व्यवहारात मात्र विसरतो.

आता काही अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पहिला अनुभव परळचा. नवऱ्याचे छोटे वर्कशॉप. मशिनसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज. बायकोचे स्वतःचे पोळी-भाजी केंद्र, त्यावरच घर चालायचे. कर्जाच्या वेळी कंपनीचा माणूस घरी आला, स्वयंपाकघरातून तिला बाहेर बोलावले, पेन्सिलीने खुणा केलेल्या जागी सह्या घेतल्या. नवरा म्हणाला, "अगं, फक्त फॉर्मॅलिटी आहे." कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांत. त्यात ती जामीनदार होती. लवादाचे कलम शेवटच्या पानांत होते.

धंदा बसला, हप्ते थकले. नोटिसा आल्या त्या नवऱ्याने कपाटात टाकल्या. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे बचत खाते गोठवले गेले होते. मला म्हणाली, "ताई, कर्ज त्यांनी घेतलं, मग पैसे माझ्या पोळ्यांचे कसे गेले?"

मैत्रिणींनो, याचे उत्तर १८७२ च्या करार कायद्यात आहे आणि ते प्रत्येक कार्यकर्तीने पाठ करावे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, राहिले तर माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. करारात तसे वेगळे लिहिले असेल तरच. "नुसती सही" असा प्रकार कायद्यात नाही.

पण तिच्या बाजूनेही कायदा होता. तो लवाद कंपनीने एकटीनेच नेमला होता. २०१५ च्या दुरुस्तीने, ज्याचे एका पक्षाशी हितसंबंध आहेत अशा व्यक्तीला लवाद होण्यास अपात्र ठरवले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले, की लवाद नेमण्याच्या बाबतीतही दोन्ही पक्षांना समान वागणूक मिळाली पाहिजे, आणि सरकारी संस्थांच्या करारांत एकतर्फी नेमणुकीचे कलम घटनेच्या कलम १४ मधील समानतेच्या तत्त्वाविरुद्ध जाते.

इथे एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा. अपात्र लवाद आपल्याला चालेल असे पक्ष म्हणू शकतात. पण कायद्याने त्याला अट घातली आहे. वाद निर्माण झाल्यानंतर, स्पष्टपणे आणि लेखी तसे कबूल केले पाहिजे. नोटिसीला उत्तर दिले नाही किंवा सुनावणीला नुसते हजर राहिले, एवढ्यावर होकार धरता येत नाही. म्हणजे पैशाच्या कायद्यानेसुद्धा निदान या एका जागी मान्य केले आहे, की गप्प राहणे हा होकार नाही. म्हणूनच वाद सुरू झाल्यावर "लवादाच्या नेमणुकीला माझी हरकत नाही" असा छापील कागद समोर आला तर त्यावर सही करू नका.

आम्ही कोर्टात गेलो. निवाडा रद्द करून घ्यायला मुदत तीन महिन्यांची, त्यापुढे सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस, त्यानंतर एक दिवसही नाही. पण ही मुदत निवाड्याची सही केलेली प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून मोजतात. तिला ती मिळालीच नव्हती. निवाडा रद्द झाला. कर्ज मात्र रद्द झाले नाही, हेही स्पष्ट सांगते. कंपनीने पुन्हा सुरुवात केली, या वेळी लवाद कोर्टाने नेमला. फरक एवढाच पडला, की आता ती खोलीत होती. दंडव्याजाचा हिशेब तिने मागितला. कंपनीला तो मांडावा लागला आणि आकडा खाली आला. राहिलेली रक्कम हप्त्यांनी ठरली.

दुसरा अनुभव गिरगावचा. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. फंडाचे पैसे आलेले. ओळखीतल्या एका सब-ब्रोकरने त्यांचे शेअरचे खाते उघडले. फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ई-मेल दोन्ही त्याने स्वतःचे घातले. बाईंना वाटत होते आपले पैसे चांगल्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या नावावर फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे चालले होते. पैसे तर गेलेच, वर दलाल पेढीने बाईंकडेच येणे काढले.

शेअर बाजाराच्या लवादापुढे आम्ही एकच मुद्दा लावून धरला. हे सौदे करा असे बाईंनी सांगितल्याचा पुरावा दाखवा. २०१८ पासून सेबीने दलालांना असा पुरावा ठेवणे बंधनकारक केले आहे. फोनचे रेकॉर्डिंग, ई-मेल, सही केलेला कागद, काहीतरी हवे. बहुतेक सौद्यांबाबत पेढीकडे काही नव्हते. ते बाईंच्या खात्यातून वगळले गेले. पण मध्यंतरी एक विवरण टपालाने घरी आले होते आणि त्यावर बाईंनी कधी हरकत घेतली नव्हती. त्यातले सौदे त्यांच्याच माथी बसले. आता हे वाद २०२३ पासून सेबीच्या ऑनलाइन यंत्रणेतून आधी समेटासाठी आणि मग लवादाकडे जातात. यंत्रणा बदलली तरी धडा तोच आहे. खाते आपल्या नावावर असेल तर फोन नंबरही आपलाच हवा.

घरातल्या खात्यांचा गुंता किती लांबतो याचे एक मोठे उदाहरण मुंबईचेच आहे. एका पती-पत्नीची एका दलाल पेढीकडे वेगवेगळी खाती होती. २००१ च्या बाजारातल्या पडझडीत पत्नीच्या खात्यावर मोठे येणे निघाले. मुंबई शेअर बाजाराच्या लवादाने २००४ मध्ये दोघांना मिळून सुमारे १ कोटी १८ लाख रुपये आणि व्याज द्यायला सांगितले. खाते बायकोचे, मग नवरा का जबाबदार, तर त्याने तशी तोंडी हमी दिली होती असे लवादाने मानले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२१ मध्ये नवऱ्याला सोडवले. १० फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा मूळ निवाडा कायम केला. २००१ चा वाद, २०२५ चा निकाल. लवाद झटपट असतो असे म्हणणाऱ्यांनी ही दोन साले लक्षात ठेवावीत. आणि इथे नवरा अडकला म्हणून आपण हसू नये. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत नाव बायकोचे असते आणि सौदे दुसरेच कोणी करत असते.

तिसरा अनुभव लालबागचा, आणि तो थोडा वेगळा आहे. उन्हाळ्यात मुंबईभरच्या बायका लालबागला मिरची घेऊन मसाला कुटायला येतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्याच एका बाईचा स्वतःचा मसाल्याचा धंदा. पॉलिसीही तिच्याच नावावर. आग लागली, बेडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती, हळद, तयार मसाला सगळे जळाले. सर्व्हेअर आला आणि बोलला कोणाशी? तिच्या दिराशी. पक्की बिले थोडीच होती, म्हणून त्याने माल निम्म्याहून कमी धरला. विमा कंपनीने सांगितले, की "फुल अँड फायनल" लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली तरच चेक मिळेल. दुकान बंद, कर्जाचे हप्ते चालू, हंगाम तोंडावर. तिने सही केली.

ही संमती झाली का? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका विमा प्रकरणात म्हटले आहे, की आर्थिक अडचणीत पकडून असे व्हाउचर घेतले असेल तर त्यामुळे लवादाचा मार्ग बंद होत नाही. पण २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने हेही म्हटले, की नुसते "दबाव होता" म्हणून भागणार नाही, तसे दाखवावे लागेल. आमच्या बाईचे शहाणपण असे, की चेक मिळाल्यानंतर चारच दिवसांत तिने मराठीत एक पानाचे पत्र लिहून कंपनीच्या कचेरीत दिले होते आणि पोच घेतली होती. "नाइलाजाने सही केली आहे, उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडलेला नाही." ते एक पान साऱ्या प्रकरणाचा कणा ठरले.

आणि इथे लवादाची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. लवादाला दिवाणी प्रक्रियेचे आणि पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर बंधन नसते. म्हणून तिची वही पुरावा म्हणून वाचली गेली. किती किलो मिरची, कोणाकडून, डंकवाल्याला किती दिले, टेम्पोचे भाडे किती, सगळे रोजच्या रोज तिच्या अक्षरात. कामकाजाची भाषाही पक्षांनी ठरवायची असते, नाही ठरली तर लवादाने. आम्ही मराठी मागितली आणि मिळाली. ती तीन तास बोलली. फोर्टातल्या त्या थंडगार खोलीत बेडगी आणि लवंगी यांच्या भावातला फरक तिने निवृत्त न्यायमूर्तींना समजावून सांगितला. दीर या वेळी बाहेर बसला होता. उरलेल्या रकमेपैकी बरीच तिला मिळाली.

आता विम्यात थोडा बदल झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये विमा नियामकाने पॉलिसींमधले लवादाचे कलम बदलायला लावले. लवाद हवा असेल तर दोन्ही पक्षांनी संमतीने वेगळा करार करायचा. शिवाय विमा लोकपाल आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर आले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचा निवाडा तो देऊ शकतो, आणि एकटीच्या मालकीचा छोटा धंदाही त्यात येतो. ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहे. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येते, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. पोट भरण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा असेल तर ती बाई ग्राहक ठरू शकते. मात्र कुठल्या दारी जायचे ते आधी विचारून ठरवा, एकदा एक वाट धरली की दुसरी बंद होऊ शकते.

माझ्या मनात लवादाबद्दल एक खोल शंका आहे, ती तुमच्यापुढे ठेवते. आपल्या चळवळीने काय केले? घरातल्या बंद दारामागचे बाहेर चव्हाट्यावर आणले. लवाद बरोबर उलट दिशेने जातो. तो बंद खोलीत चालतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने तर गोपनीयता कायद्यातच लिहिली. परळच्या बाईसारख्या किती जणींच्या सह्या अशा घेतल्या गेल्या, हे मोजायला आपल्याकडे साधन नाही. कोर्टातला निकाल छापला जातो, दुसरीच्या कामी येतो. लवादापुढे जिंकलेल्या बाईचा विजय तिच्या पिशवीतच राहतो. म्हणून नावे न घेता का होईना, हे अनुभव आपल्या बैठकांत आणि अंकांत आले पाहिजेत.

आणखी एक गैरसमज दूर करते. लवादाला पंच म्हणतात म्हणून जातपंचायत म्हणजे लवाद नव्हे. गुन्हा, घटस्फोट, मुलांचा ताबा हे विषय लवादाकडे जाऊच शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. "आपसात मिटवू, पंच नेमू" असे कोणी मारहाणीच्या प्रकरणात म्हणाले तर ते कायद्याचे बोलणे नाही.

मग हमी वाईट, सही वाईट, असे मी म्हणते का? नाही. याच गिरणगावात १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकार आणि वाण्याच्या उधारीत बुडालेल्या होत्या. त्यांनी गट केले, एकमेकींची हमी दिली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे किती घरे बायकांच्या अशाच कमाईवर तगली हे इथे सांगायला नको. त्याही जामीनदारच होत्या. पण कोणासाठी, किती रकमेची, कशासाठी हे त्यांना माहीत होते. फरक तिथे आहे.

तर संघटनांनी काय करावे? माझ्या अनुभवातून काही साध्या गोष्टी सुचवते.

महिन्यातून एकदा कागद वाचायची बैठक घ्या. बायकांनी सही केलेले किंवा करायचे कागद आणावेत आणि एकत्र वाचावेत. जामीन, लवाद आणि सुनावणीचे ठिकाण, ही तीन कलमे आधी शोधा. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा, आणि ती नवऱ्याच्या नव्हे, आपल्या पिशवीत ठेवा. आपल्या नावाची नोटीस आपणच उघडा. ती मोबाइलवर आली तरी ती नोटीसच असू शकते, पुसून टाकू नका. उत्तर लेखी द्या, मराठीत द्या, पोच घ्या. त्यात तीन गोष्टी लिहा. लवाद कोणी नेमला, त्याचे कंपनीशी काय संबंध आहेत ते कळवा, आणि कामकाज मराठीत हवे. हितसंबंध उघड करणे हे लवादाचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. निवाडा आलाच तर त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा आणि वकिलाकडे जा. कोर्टात जायला पैसे नसतील तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

आणि मागण्याही करूया. घरगुती आणि छोट्या कर्जांचे करार मराठीत मिळावेत. जामीनदाराला कर्जदारापासून वेगळे बसवून, तिला समजेल अशा भाषेत समजावून सांगितल्याशिवाय सही घेऊ नये. आणि लवादांच्या याद्यांत बायका असाव्यात. मिठन टाटा, पुढे लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला उभ्या राहिल्या त्याला शंभर वर्षे होऊन गेली. आज बायका वकील म्हणून खूप आहेत, पण टेबलाच्या मधल्या खुर्चीवर, लवाद म्हणून, मला त्या फार थोड्या वेळा दिसल्या.

लवादाचा कायदा म्हणतो, तुमच्या होकाराशिवाय आमचा अधिकार नाही. ठीक आहे. मग होकार काय असतो, हे आपण त्यांना त्यांच्याच खोलीत जाऊन विचारूया. त्यासाठी पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातला एक सही केलेला कागद घेऊन यावे, एवढीच विनंती.